कारणाच्या रकान्यातील ‘कित्ता’

भूमी अभिलेख खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या मामांनी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयातून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत आपल्या औषधांचे रीतसर पत्रक आखले. अनुक्रमांक, गोळीचे नाव, घेण्याची वेळ आणि कारण असे त्यात चार रकाने होते. उभी हयात मिळकत पत्रिका आणि मोजणीचे नकाशे यांच्या सहवासात घालविलेल्या माणसाचे अक्षर ज्या वळणाचे असावे त्याच वळणाच्या अक्षरात त्यांनी अ‍ॅस्पिरिनपुढे ‘रक्त पातळ राहण्यासाठी’ आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिनपुढे ‘चरबी’ असे नोंदविले. रॅमिप्रिल या तिसऱ्या गोळीपुढे ‘रक्तदाब’ असे लिहिले. आणि त्याखालच्या बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन व टोरसेमाइड या तिन्ही गोळ्यांपुढे, कारकुनी वहिवाटीस अनुसरून, ‘कित्ता’, ‘कित्ता’, ‘कित्ता’ अशी नोंद केली. त्या तीन शब्दांत काही चूक आहे असे त्या वेळी आम्हा कोणालाच वाटले नाही.

पुढे काही महिन्यांनी एका रविवारी मामांचे व्याही शहाळ्यांची एक जोडी घेऊन समाचारास आले, आणि दोघांच्याही घरी असलेल्या व्याधीचा विषय निघून पट्ट्याचे यंत्र ओसरीवर मांडले गेले. मामांचा दाब १०६/६४ भरला, व्याह्यांचा १४८/८६. व्याह्यांच्या गोळ्या मात्र दोनच होत्या, एक अ‍ॅम्लोडिपिन आणि दुसरी प्राझोसिन. मामांनी दोन्ही आकडे वहीच्या समासात उतरवून घेतले आणि चष्मा कपाळावर सरकवीत म्हणाले, “व्याहीबुवा, पीक तुमचे जास्त आणि आकारणी आमच्यावर दुप्पट! आकडा इतका उतरल्यावर आमचा सारा तहकूब व्हायला हवा.”

“अहो, मग माझीच ती दुसरी गोळी चालू करून पाहा ना,” व्याही म्हणाले. “दाब तर उतरतोच, शिवाय रात्री लघवीला उठण्याचा त्रास थांबतो. एका गोळीत दोन कामे.”

मामांनाही रात्री दोन-तीनदा उठावे लागत असल्यामुळे ही तजवीज त्यांना पसंत पडली, आणि पुढल्या तपासणीस डॉक्टरांकडे जाताना त्यांनी वही बरोबर घेतली ती जवळजवळ अर्जासारखी. तो अर्ज नामंजूर झाला. परंतु नामंजुरीची जी कारणमीमांसा डॉक्टरांनी केली, ती रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या प्रत्येक हृदयरुग्णाने समजून घेण्याजोगी असल्यामुळे, तिच्या अनुषंगाने या विषयाचा थोडा विस्तार येथे करीत आहे.

विहिरीवरचा पंप, शेतापर्यंत गेलेली नळी आणि विहिरीतले पाणी या तिघांच्या मेळातून नळीतला दाब ठरतो. पंपाने जोर केला, नळी चिंबली किंवा पाण्याचा भरणा वाढला, की दाब वाढतो. शरीरातही हृदयाचा जोर व गती, रोहिण्यांची रुंदी आणि रक्ताचे आकारमान अशा तीन ठिकाणी हात घालता येतो. मूत्रल औषधे, म्हणजे लोक ज्यांना ‘पाण्याची गोळी’ म्हणतात ती, मीठ व पाणी बाहेर काढून आकारमान घटवितात. अ‍ॅम्लोडिपिनसारखी कॅल्शियमरोधक औषधे आणि प्राझोसिनसारखी अल्फारोधक औषधे रोहिण्या सैल करतात. बिसोप्रोलॉलसारखी बीटारोधक औषधे हृदयाची गती व आवेग आवरतात. आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही औषधे, मूत्रपिंडापासून सुरू होऊन रोहिण्या आवळणाऱ्या व मीठ साठविणाऱ्या अँजिओटेन्सिन नावाच्या द्रव्याच्या कारभारास लगाम घालतात. यांपैकी कोणत्याही वाटेने गेले तरी मापकातला पारा खालीच येतो, आणि तो कोणत्या वाटेने खाली आला, त्या वाटेवर हृदयाला विसावा मिळाला की ओझे वाढले, हे पाऱ्याला सांगता येत नाही. ज्याचे हृदय धडधाकट आहे त्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा निकडीचा नसतो. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात ठरावीक औषधांची ठरावीक चढण बहुसंख्य लोकांना लागू करण्यात आली, ती याच विश्वासावर, आणि तो विश्वास योग्यच आहे. परंतु ज्याच्या हृदयाला आधीच दुखापत झाली आहे, त्याच्या बाबतीत पंपाची, नळीची आणि झडपांची पाहणी केल्यावाचून चावी फिरविता येत नाही.

हे शहाणपण वैद्यकास एकाएकी सुचलेले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कित्येक नामांकित वैद्य असे मानीत, की कठीण झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे रेटण्यासाठी वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो. उच्च रक्तदाबाच्या सर्वसामान्य प्रकाराला इंग्रजीत आजही जे ‘इसेन्शियल’ हे विशेषण चिकटलेले आहे, त्यामागे हीच समजूत असल्याचे सांगितले जाते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची १९४४ च्या मार्चमध्ये तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी तपासणी केली, तेव्हा दाब १८६/१०८ आणि हृदय थकलेले आढळले. पण एका महासत्तेच्या अध्यक्षालाही डिजिटालिस, अळणी आहार आणि विश्रांती यांपलीकडे देण्यासारखे वैद्यकाजवळ फारसे नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला, त्या दिवशी मोजलेला दाब ३००/१९० होता.

त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईहून एक वार्ता पाश्चात्त्य वैद्यकाच्या कानी गेली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडे शतकानुशतके परिचित असलेल्या वनस्पतीचा ५० रक्तदाबरुग्णांवर केलेला अभ्यास १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, १९५२ मध्ये तिच्यातून रेझर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ चा अमेरिकेतील लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना लाभला. दाब औषधाने उतरविता येतो ही गोष्ट जगाला पटविण्यात मुंबईचा हा वाटा आपण सहसा स्मरत नाही. याच रेझर्पिनाने एक दुसरा धडाही दिला. दाब उतरत असतानाच कित्येक रुग्णांचे मन खिन्न होई, नाडी मंदावे आणि अंगात पाणी साठे. म्हणजे औषध आपले नेमून दिलेले काम चोख करीत असतानाही शरीराच्या दुसऱ्या दालनात नासधूस करू शकते, हे तेव्हाच दिसून आले होते.

सर्वांत विलक्षण कथा बीटारोधकांची आहे. हृदयशूळावर प्रोप्रॅनोलॉल शोधून काढणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना पुढे १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ज्याचे हृदय दुर्बल झाले आहे त्याला ही औषधे देणे हा दीर्घकाळ घोर प्रमाद समजला जात असे. आधीच मंद चालणाऱ्या पंपाचा जोर आणखी काढून घ्यायचा, हे कोणाच्या बुद्धीला पटावे? स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र अशा सात रुग्णांना ही औषधे दिली आणि ते सुधारले. १९७५ मध्ये, डॉ. वकिलांचा निबंध जेथे आला होता त्याच नियतकालिकात, हा वृत्तान्त छापून आला आणि वर्षानुवर्षे बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही. पुढे १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांच्या दोन मोठ्या चाचण्यांत दुर्बल हृदयाच्या रुग्णांमधील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे सिद्ध झाले, तेव्हा कालचे निषिद्ध आजचे कर्तव्य बनले. कारण असे, की थकलेल्या हृदयाला शरीर अ‍ॅड्रेनॅलिनची पराणी सारखी टोचीत असते. बैल त्या टोचणीने चार पावले भराभर टाकतो, पण लवकर बसतो. बीटारोधक ती पराणी काढून घेतात. म्हणूनच त्यांचा आरंभ अत्यल्प मात्रेने करावा लागतो. बिसोप्रोलॉल सव्वा मिलिग्रॅमपासून सुरू करून, पंधरवड्या-पंधरवड्याने, सोसेल तसे दहापर्यंत नेतात. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला अधिकच गळल्यासारखे वाटले तर त्यात नवल नसते, पण ते डॉक्टरांना कळविले पाहिजे.

रॅमिप्रिलच्या घराण्याचा मूळपुरुष ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या गरळात सापडला. सर्जिओ फेरेरा यांनी त्या विषातील घटक लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला, आणि त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन आणि ओंडेटी यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल घडविले. ते रक्तदाबासाठी घडविलेले. परंतु १९८७ मध्ये, अतिशय खंगलेल्या हृदयाच्या २५३ रुग्णांवरील चाचणीत, याच घराण्यातील एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी सहा महिन्यांत २६ टक्के दगावले, तर न घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. दाब उतरल्याने एवढा फरक पडावा असे ते रुग्ण उच्च रक्तदाबाचे नव्हतेच. औषधाने हृदयाच्या भिंती ताणून फुगण्यास आळा घातला होता. दाब उतरणे हा त्या कामातला एक भाग.

आता व्याह्यांच्या गोळीकडे वळू. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑलहॅट’ या विशाल चाचणीत चाळीस हजारांहून अधिक रक्तदाबरुग्णांना चार निरनिराळ्या वर्गांतील औषधांवर ठेवण्यात आले. त्यांपैकी डॉक्साझोसिन हे प्राझोसिनचे सख्खे भावंड. आणि त्याची शाखा २००० साली मुदतीपूर्वीच बंद करावी लागली. क्लोरथॅलिडोन या जुन्या, स्वस्त मूत्रल औषधाच्या तुलनेत डॉक्साझोसिन घेणाऱ्यांचा दाब जवळजवळ तेवढाच उतरला होता. तथापि त्यांच्यामध्ये हृदय-दौर्बल्याचे, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात त्याचे, प्रमाण दुप्पट निघाले. दोन औषधांचा ताळेबंद आकड्यापुरता जुळूनही हृदयाच्या हिशेबात इतकी तफावत पडू शकते, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल. व्याह्यांचे हृदय सुदृढ, प्रोस्टेट वाढलेले आणि दाबासाठी मुख्य औषध वेगळे. त्यांच्या पदरी ती गोळी उपकारकच होती. मामांच्या हृदयाची, एका आकुंचनात रक्त बाहेर टाकण्याची शक्ती, जिला तपासणीच्या कागदावर ‘ई. एफ.’ म्हणतात, साधारण साठावरून तिसावर आलेली. त्यांच्या पदरी तीच गोळी घातली असती तर दाब उतरला असता आणि फुप्फुसात पाणी चढण्याचा धोका वाढला असता. रात्रीच्या लघवीचे म्हणाल, तर डॉक्टरांनी पृच्छा करताच उलगडा झाला, की टोरसेमाइड ही पाण्याची गोळी मामा सायंकाळी घेत होते. ती सकाळवर नेताच निम्मी तक्रार मिटली.

हृदयाच्या निरनिराळ्या व्याधींत निवड कशी पालटते, याचा थोडक्यात तपशील असा. ज्याच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या आहेत आणि जिना चढताना छाती भरून येते, त्याला बीटारोधक किंवा दीर्घकाळ परिणाम करणारे कॅल्शियमरोधक दाब आणि शूळ या दोहोंवर लागू पडतात. पण निफेडिपिनची जलद विरघळणारी कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जी प्रथा एके काळी रूढ होती, तिच्यामुळे दाब धाडकन कोसळून झटके आल्याची उदाहरणे घडली आणि ती त्याज्य ठरली. अशा रुग्णात खालचा आकडाही सांभाळावा लागतो, कारण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः त्याच्या विश्रांतीच्या क्षणी मिळते; खालचा आकडा साठाच्याही खाली जाऊ लागला, की डॉक्टरांचा हात आखडतो. ज्याचे हृदय मामांप्रमाणे दुर्बल झाले आहे, त्याला डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही कॅल्शियमरोधके वर्ज्य समजतात. १९८८ मधील एका चाचणीत, झटक्यानंतर फुप्फुसात पाणी साठलेल्या रुग्णांना डिल्टियाझेमने अपायच झाल्याचे दिसले होते. तेच डिल्टियाझेम, पंप बळकट असून नाडी मात्र अनियमित व भरधाव झालेल्या माणसाला उपयुक्त ठरते. फक्त बिसोप्रोलॉलसारख्या औषधाबरोबर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम जोडले तर नाडी धोकादायक मंदावू शकते. अनियमित नाडीच्या रुग्णाला रक्त गोठू नये म्हणून औषध चालू असते, आणि त्या अवस्थेत दाब मोकाट सोडणे म्हणजे मेंदूतील रक्तस्रावाला आमंत्रण. महारोहिणीची झडप गळकी असेल तर नाडी फार मंद करणे बाधते, कारण विश्रांतीचा काळ लांबला की गळतीही लांबते. उलट हृदयाचा पडदाच जाड होऊन रक्ताची वाट अडविणाऱ्या विकारात नाडी मंद करणे हितावह आणि रोहिण्या सैल करणारी औषधे घातक. अशी ही परस्परविरोधी कलमे एकाच कायद्याखाली नांदत असल्यामुळे, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल हा तर्क हृदयरुग्णापुरता तरी बाद समजावा.

मामांचा दुसरा प्रश्न तहकुबीचा होता: आकडा १०६ वर आला असता चार गोळ्या कशासाठी? येथेच ‘रक्तदाबाची गोळी’ हे नाव आपल्याला फसविते. त्यांच्या वहीतल्या चौघींपैकी एकही केवळ आकड्यासाठी दिलेली नव्हती. १९९९ मध्येच स्पायरोनोलॅक्टोनच्या चाचणीत, गंभीर हृदय-दौर्बल्याच्या रुग्णांतील मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मामांना ते त्यासाठी होते. ज्याचे हृदय दुर्बल आहे त्याने शंभरच्या आसपासचा दाब, उठताना भोवळ येत नसेल आणि मूत्रपिंड नीट चालत असेल तर, पुष्कळदा निश्चिंतपणे वागवावा, आणि औषधे कमी करण्याऐवजी तीच नेमून दिलेल्या मात्रेपर्यंत न्यावीत, असा आजचा दंडक आहे. आकडा उतरला म्हणून बीटारोधक एकाएकी बंद करणारा माणूस तर दुहेरी जोखीम पत्करतो, कारण लगाम अचानक सुटल्यावर नाडी उसळते आणि छातीतला शूळ, क्वचित झटकाही, परत येतो.

भोवळ येत असेल, लघवी कमी होत असेल किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटले असेल, तर मात्र गोष्ट निराळी. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. रॅमिप्रिलने कोरडा खोकला सुरू झाला तर कफाच्या औषधांच्या बाटल्या रिचविण्याऐवजी तसे सांगावे, त्याला सार्टन वर्गातील पर्याय असतो. आणि २०१५ पासून उपयोगात येऊ लागलेले सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन हे जोड-औषध घ्यायचे झाले, तर रॅमिप्रिल थांबवून मध्ये ३६ तासांचे अंतर ठेवावे लागते, नाही तर चेहरा व घसा सुजून श्वास अडण्याचे भय असते. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यावर येणारी सूज बहुधा त्या गोळीचीच असते, हृदयाची नव्हे. पण हा निवाडा डॉक्टरांकडून करून घ्यावा. गुडघ्यासाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनची गोळी मीठ-पाणी साठवून दाब व हृदय दोन्ही बिघडविते. पाकिटावरच्या नावापुढची ‘एएम’, ‘एच’, ‘एएमएच’ ही अक्षरे शोभेची नसतात. त्यांत दुसरे, तिसरे औषध दडलेले असते, आणि दुकानदाराने ‘तीच आहे’ म्हणून दिलेली गोळी त्या अक्षरांपुरती निराळी असू शकते.

आणि व्याह्यांची शहाळी? रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या दोहोंमुळे रक्तात पोटॅशियम साठते. शहाळ्याच्या पाण्यात ते विपुल असते, आणि ‘रक्तदाबासाठी उत्तम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात तर सोडियमच्या जागी तेच घातलेले असते. धडधाकट माणसाला निर्दोष असलेली ही वस्तू अशा रुग्णाच्या नाडीचा ठोका चुकवू शकते. म्हणून ही औषधे सुरू केल्यावर आठवड्या-पंधरवड्यात, आणि पुढेही वेळोवेळी, पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासून घेतात. लोणचे-पापड आणि सुकी मासळी आवरणे सर्वांनाच हितकर आहे. शहाळ्याचा नियम मात्र वहीतल्या गोळ्या पाहून ठरवायचा.

त्या दिवशी डॉक्टरांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक ओळ समजावून सांगितली. घरी आल्यावर मामांनी लाल शाईने तिन्ही ‘कित्ता’ खोडले, आणि दप्तरातली नोंद दुरुस्त करताना करीत तशी प्रत्येक खोडीपुढे आद्याक्षरे व तारीख घातली. रॅमिप्रिलपुढे ‘हृदय फुगू नये म्हणून; खोकला आल्यास कळविणे’, बिसोप्रोलॉलपुढे ‘हृदयास विसावा; आपखुशीने बंद करू नये’, स्पायरोनोलॅक्टोनपुढे ‘आयुर्मर्यादेसाठी; पोटॅशियम पाहणे, शहाळे वर्ज्य’, आणि टोरसेमाइडपुढे ‘फुप्फुसातील पाणी; सकाळीच’ असे आता तेथे लिहिलेले आहे. पुढल्या खेपेस व्याही आले तेव्हा मामांनी ती वही त्यांच्यापुढे ठेवली नाही. एक कोरी वही ठेवली, रकाने आखून, आणि शेवटचा रकाना तेवढा इतर तिघांहून रुंद काढून.